राखणीचा कुत्रा का बिघडतो?



अर्जुनी मोरगाव भागात धानाच्या बांध्या, बोड्या आणि लगेच नवेगावबांधचे जंगल. दारी राखणीला कुत्रा असतोच. तो घरच्या पोरावर गुरगुरला, शेळ्यांमागे धावला, की आपण काठी उचलतो. चूक इथेच होते.

गुरगुरणे हा इशारा आहे. मारून तो बंद केला, की कुत्रा न गुरगुरता चावतो. स्वभाव एकाएकी बदलला तर आधी कान, दात, जखमा व गोचिड पाहा. दुखणाईत जनावर चिडतेच. दिवसभर साखळीला असलेला कुत्रा भुंकणारच. त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवा. पिल्लू आठ आठवडे आईजवळ ठेवा. तीन महिन्यांचे होईपर्यंत त्याला माणसे, मुले, शेळ्या, कोंबड्या यांची सवय लावा. नीट वागल्यास त्याच क्षणी पोळीचा तुकडा द्या.

मात्र लाळ गळणे, आवाज बदलणे, गिळता न येणे, दिसेल त्याला चावणे ही पिसाळल्याची लक्षणे होत. अशा कुत्र्याजवळ जाऊ नका. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा व सर्व मात्रा पूर्ण करा. माणसात रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर जीव वाचणे जवळजवळ अशक्य असते.

कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचा, पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दरवर्षी. रात्री त्याला जंगलाकडे मोकळा सोडू नका. बिबट्या उचलून नेतो.

काठीपेक्षा सवय बरी आणि उपचारापेक्षा लस बरी, एवढे ध्यानात ठेवा.