शवविच्छेदनाच्या टेबलाशी शिकताना

शवविच्छेदन म्हटलं की पोलीस पंचनामा आठवतो. पण मुंबईत परळच्या केईएमसारख्या शिकवणाऱ्या रुग्णालयात आणखी एक शवविच्छेदन होतं, आजाराचा शोध घेणारं. त्याला नातेवाइकांची लेखी संमती लागते. पॅथॉलॉजीच्या ३ वर्षांच्या एम.डी. अभ्यासक्रमात निवासी डॉक्टर ते शिकतात.

आधी केसपेपर नीट वाचायचा, मगच सुरी हाती घ्यायची. हृदय, यकृत, मूत्रपिंडं यांचं वजन करायचं, छेद घेऊन पाहायचं. मेंदू मात्र लोण्यासारखा मऊ. तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये साधारण दोन आठवडे ठेवून, घट्ट झाल्यावरच कापतात. घाई न करण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते. पावसाळ्यात तापाने गेलेल्या रुग्णाच्या फुप्फुसांत रक्तस्राव दिसला, की लेप्टोस्पायरोसिसचा विचार करायचा, तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, हेही इथेच कळतं.

मग उपचार करणारे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून निदान पडताळतात. जिवंतपणी निसटलेला क्षयरोग सापडला, तर घरच्यांचीही वेळीच तपासणी होऊ शकते. म्हणूनच दुःखात बुडालेल्या कुटुंबाकडे संमती कशी मागावी, हेसुद्धा तरुण डॉक्टरांना मन लावून शिकवायला हवं.