सूक्ष्म शस्त्र आणि शिस्तीचे कवच



पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लंडनमध्ये लागला आणि मानवजातीच्या हाती जणू संजीवनी आली. त्या शोधाबद्दल १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी विजयोत्सवाचे भाषण केले नाही. त्यांनी एक काल्पनिक गृहस्थ श्रोत्यांसमोर उभा केला. या गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून घेतो. पण जंतू मरण्याइतके नव्हे, जंतूंना औषधाची सवय होईल इतकेच. तेच जंतू त्याच्या पत्नीला बाधतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिले जाते, पण ते चालत नाही आणि ती दगावते. या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न फ्लेमिंग यांनी तेव्हाच विचारला होता.

त्यांची कल्पना आज वास्तवात उतरली आहे. २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट मृत्युमुखी पडली. प्रसूतीची शस्त्रक्रिया, कर्करोगावरील उपचार, अवयवांचे प्रत्यारोपण हे सारे प्रतिजैविकांच्या भरवशावर उभे आहे. हा आधार निखळला, तर निष्णात शल्यविशारदाचे हातही बांधले जातील.

आपल्या देशाला हा विषय परका नाही. जीवाणूंना बलाढ्य प्रतिजैविके निष्प्रभ करण्याची शक्ती देणाऱ्या एका जनुकाला २००९ साली चक्क नवी दिल्लीचे नाव दिले गेले. त्यावर देशभर संताप व्यक्त झाला आणि तो स्वाभाविकच होता. रोगाला नगराचे नाव देणे अनुचितच. परंतु नावाचा निषेध केल्याने जनुक नष्ट होत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी दोन नमुन्यांत हे जनुक आढळले. स्वाभिमानाची खरी कसोटी संतापात नव्हे, उपाययोजनेत आहे.

जीवाणू औषधावर मात कशी करतो? कधी तो औषधाचे रेणू तोडणारे द्रव्य तयार करतो, कधी आत शिरलेले औषध पंपाने उपसावे तसे बाहेर फेकतो, तर कधी औषधाचे लक्ष्यच बदलून टाकतो. औषधाचा घाव बहुधा एकाच मर्मावर बसतो, म्हणून तेवढे मर्म झाकले की जीवाणूचे काम भागते. मग एकाच वेळी अनेक मर्मांवर घाव घालणारे शस्त्र मिळाले तर? या प्रश्नापाशी अब्जांश तंत्रज्ञानाचा, म्हणजेच नॅनो तंत्रज्ञानाचा प्रवेश होतो.

एका मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आतड्यातील एक सामान्य जीवाणू सुमारे दोन हजार नॅनोमीटर लांब असतो. चांदीचा दहा नॅनोमीटरचा कण त्याच्या दोनशेव्या भागाएवढा. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, कारण तिचा अधिक पृष्ठभाग पाण्याला भिडतो. त्याच न्यायाने चांदी जितकी सूक्ष्म, तितकी ती क्रियाशील. घरातली चांदीची भांडी काळी पडतात, कारण चांदीला गंधकाची ओढ असते. जीवाणूच्या प्रथिनांतही गंधक असते. कणांतून सुटणारे चांदीचे आयन त्या प्रथिनांना चिकटून त्यांचे कार्य बंद पाडतात, जीवाणूचे आवरण दुबळे करतात आणि त्याच्या आत घातक ऑक्सिडीकरण घडवतात. एकाच वेळी अनेक आघाड्यांवरचा हा हल्ला आहे.

या क्षेत्रात भारतीय संशोधकांनी मोलाची भर घातली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली बुरशीच्या साहाय्याने, तर २००४ साली कडुनिंबाच्या पानांच्या अर्कातून चांदीचे अब्जांश कण तयार करून दाखवले. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने २०१३ साली, चांदीचे अब्जांश कण बसवलेल्या आणि पाण्यात अत्यल्प चांदी सातत्याने सोडणाऱ्या स्वस्त जलशुद्धीकरणाची पद्धत मांडली. आपल्याकडे बाळाला चांदीची वाटी देण्याची प्रथा जुनी आहे. तेवढ्यावरून पूर्वजांना हे सारे शास्त्र अवगत होते, असा दावा करण्याचे कारण नाही. परंपरेचा मान अतिशयोक्तीने वाढत नाही, संशोधनाने वाढतो.

निसर्गाने तर रसायनाविनाही ही किमया साधली आहे. ऑस्ट्रेलियातील एका रातकिड्यासारख्या कीटकाच्या, सिकाडाच्या, पंखांवर अतिसूक्ष्म टोकांची दाटी असते. त्या टोकांवर बसलेल्या जीवाणूचे आवरण ताणले जाऊन फाटते, असे तेथील संशोधकांनी २०१२ साली दाखवले. पुढल्याच वर्षी सिलिकॉनचा तसाच पृष्ठभाग जंतुनाशक असल्याचे सिद्ध झाले. शरीरात बसवायच्या कृत्रिम सांध्यांना असे पृष्ठभाग देता येतील का, याचा शोध चालू आहे.

तर मग प्रश्न सुटला काय? नाही! चेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी जीवाणूंना चांदीच्या कणांची अपुरी मात्रा पुन्हापुन्हा दिली. जीवाणूंनी फ्लॅजेलिन नावाचे प्रथिन बाहेर सोडले, त्याने कणांच्या गुठळ्या झाल्या आणि शस्त्र बोथट झाले. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने हे प्रथिन रोखता आले आणि कणांची धार परत आली, हा त्यातला दिलासा. परंतु अपुऱ्या मात्रेबाबत फ्लेमिंग यांनी दिलेला इशारा चांदीलाही लागू पडला, ही गोष्ट विसरता येणार नाही.

आणि बाजार थांबत नाही. चांदीचे कण पायमोज्यांतही आले. २००८ साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात अशा काही मोज्यांतली चांदी धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जाते, असे दिसले. सांडपाण्यातली ती अत्यल्प चांदी जीवाणूंना प्रतिकाराचे धडे देऊ शकते. चांदीयुक्त द्रव पिण्याने त्वचा कायमची करडी-निळी होऊ शकते. म्हणून जाहिरातीला भुलून असे काही पोटात घेऊ नये. जखमेवरची चांदीची मलमपट्टी आणि पोटात घ्यायचे औषध यांत फार अंतर आहे. शरीरात द्यायच्या अब्जांश कणांची सुरक्षितता तपासल्याविना ते रुग्णाला देता येत नाहीत आणि त्याला वर्षे लागतात.

तोवर हाती आहेत ती प्रतिजैविके जपणे, हाच खरा उपाय. शासनाने २०१४ पासून अनेक महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या विक्रीवर कडक नोंदीचे बंधन घातले, २०१६ साली वेष्टनावरील लाल रेषेची मोहीम सुरू केली आणि २०१९ साली पशुपालनात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आणली. परंतु कायदा औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचतो. घरातल्या औषधांच्या डब्यापर्यंत पोहोचायचे ते कुटुंबाच्या विवेकाने.

सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते, त्यावर प्रतिजैविक चालत नाही. म्हणून डॉक्टरांकडे त्याचा हट्ट धरू नये. त्यांनी दिले तर सांगितले तितकेच आणि तितकेच दिवस घ्यावे. उरलेली गोळी जपून ठेवू नये, शेजारच्या मुलाला तर मुळीच देऊ नये. हात धुणे आणि वेळेवर लस टोचून घेणे यांनी आजारच टळतो आणि जो आजार होत नाही, त्याला औषध लागत नाही.

प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ नवे शस्त्र घडवत आहेत. ते हाती येईल तेव्हा ते धारदार राहावे की पेनिसिलिनप्रमाणे बोथट व्हावे, याचा निर्णय मात्र घराघरांत होणार आहे. फ्लेमिंग यांच्या कथेतली ती पत्नी कुणाच्याही घरातली असू शकते. तिचे प्राण वाचवणारी शिस्त आजपासूनच अंगी बाणवायला हवी.