पळून गेलेली दोघं



संयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. ते सगळं तुमच्या व्हॉट्सअॅपवर रोज येतंच. मी आपल्या वर्गातल्या त्या दोघांबद्दल बोलणार आहे. दोघं मागच्या रांगेत बसली आहेत आणि त्यांना विचारूनच बोलतेय.

आपली दहावी १९९६ ची. २००१ मध्ये ही दोघं ‘पळून गेली’. गावाने शब्द हाच वापरला. खरं तर पळण्यापेक्षा थांबणंच जास्त होतं. लग्नाला मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण लागतं. तो २१ चा होईपर्यंत ती आलेली स्थळं परतवत राहिली, कधी परीक्षेचं निमित्त, कधी कावीळ. वयाच्या पुराव्याला शाळा सोडल्याचा दाखला हवा, तो वडिलांच्या कपाटात कुलूपबंद. मग दुसरी प्रत काढायला ती आपल्याच शाळेच्या ऑफिसात आली.

लग्न आळंदीला लागलं. जाती वेगळ्या, पण दोघं हिंदू, म्हणून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली आगाऊ नोटीस लागली नाही. धर्म वेगळे असते तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आला असता. त्यात ३० दिवस आधी नोटीस द्यायची, ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लागते, आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर एक प्रत तिकडेही जाते. म्हणजे ज्यांच्यापासून लपायचं त्यांच्याच दारात. आमच्या धंद्यात कुणाची खाजगी माहिती अशी भिंतीवर लावली तर नोकरी जाते! २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितलं, की जोडप्याची इच्छा नसेल तर ही नोटीस प्रसिद्ध करू नये. बरं झालं.

पुढे पोलीस चौकी, ‘मी सज्ञान आहे, स्वखुशीने आले’ हा जबाब, ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मला सांगायचंय ते तिच्या धाकट्या बहिणीचं. ती तेव्हा नववीत होती. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिचा बाक रिकामा. एक शिकली म्हणून गेली, आता दुसरी शिकायला नको, हा घरातला हिशेब. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घरच्यांची किंवा समाजाची संमती लागत नाही. जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष काढा, अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याचा विचार करा, असंही राज्यांना सांगितलं. पण मागे राहिलेल्या बहिणीसाठी कुठलं कलम असणार?

तिच्यासाठी आपले एक सर होते. ते इथेच बसलेत, नाव घेतलेलं त्यांना चालणार नाही. सर रविवारी त्या घरी जायचे, ओसरीवर बसायचे, चहा आला तर प्यायचे, नाही तर तसेच बसायचे. मोठीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. शाळेत पाठवा असंही म्हणाले नाहीत. फक्त १७ नंबरचा फॉर्म पुढे ठेवला, घरी बसून दहावी देण्याचा. वडिलांनी सही केली ती एका अटीवर, परीक्षेला नेणं-आणणं ते स्वतः करणार. सगळे पेपर ते केंद्राच्या फाटकाबाहेर उन्हात उभे होते. ती पास झाली, पुढे डी.एड. केलं, आज शिक्षिका आहे. मोठीचं धाडस आपण सगळे सांगतो. मला धाकटीचं मोठं वाटतं.

आता आपली मुलं त्या वयाला आलीत. या दोघांच्या लग्नाच्या वाढदिवसाला आपल्या ग्रुपवर फुलांचा पाऊस पडतो, आणि त्याच हातांनी पाठवलेल्या बायोडेटात नावाखाली पहिली ओळ जातीची. गेल्या महिन्यात माझ्याकडे असे तीन आले. दोन इथल्याच मंडळींचे आहेत, हसू नका.

तिचे वडील आता नाहीत. आई त्याच घरात असते. चोवीस वर्षांत लेक त्या उंबऱ्याच्या आत गेलेली नाही. यंदा दिवाळीत आईने धाकटीला एवढंच विचारलं, “तिचा आताचा फोटो आहे का गं?”

आजचा फोटो स्मरणिकेत छापणार आहेत. एक प्रत त्या घरी द्यायची आहे. सर, तुम्ही याल का माझ्याबरोबर?