मिळकत आणि आयुर्मान



कुटुंबाची मिळकत वाढली म्हणजे आयुष्य वाढतें, हें विधान इतकें सर्वमान्य आहे कीं, तें तपासून पाहावें असें सहसा कोणास वाटत नाहीं. मुंबईच्या १९२१ सालच्या आंकड्यांवरून आज तें पाहूं. म्युनिसिपालिटीच्या आरोग्यखात्यानें त्या वर्षीं बालमृत्यूंची वर्गवारी घरांतील खोल्यांवरून केली होती. मिळकत विचारली तर मनुष्य खरें सांगेलच असें नाहीं. खोल्या मात्र मोजतां येतात! एका खोलींत किंवा तिच्या एखाद्या भागांत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागें ८२८ अर्भकें वर्षाच्या आंत दगावलीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हा आंकडा ३२२ होता, तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत १९१, आणि त्याहून मोठ्या घरांत १३३.

पहिला आंकडा जसाच्या तसा घेऊं नये. कित्येक कामकरी स्त्रिया बाळंतपणासाठीं गांवीं जात. जन्म तिकडे होई, आणि परत आणलेलें मूल दगावलें तर मृत्यूची नोंद मुंबईंत होई. शिवाय पुष्कळ जन्म नोंदलेच जात नसत. परंतु एवढी सूट दिली तरी अंतर उरतेंच.

आतां ती उतरण पाहा. दुसऱ्या खोलीसरशीं आंकडा ५०६ नें उतरतो, तिसरीनें १३१ नें, आणि पुढें अवघा ५८ नें. म्हणजे तोच रुपया गरिबाच्या घरीं अधिक आयुष्य विकत घेतो. सॅम्युअल प्रेस्टन यांनीं १९७५ सालीं देशोदेशींच्या उत्पन्नाची व आयुर्मानाची तुलना केली, तेव्हां त्यांसही असाच आकार आढळला: आरंभीं उभी चढण, पुढें जवळजवळ सपाट पठार.

पण खोलीच्या भिंती कांहीं औषध नव्हेत. जेथें चूल, खोकणारा म्हातारा आणि बाळंतीण हीं एकाच कोंदट जागेंत असतात, तेथें मूल टिकणें कठीण. ज्यास दुसरी खोली परवडते त्याच्या घरीं दूधही येतें, आणि बाळंतिणीस गिरणीच्या भोंग्यासरशीं धांवावें लागत नाहीं. जिला धांवावें लागे, ती मूल निजून राहावें म्हणून त्यास अफूची बाळगोळी देई. तिला निष्काळजी म्हणणें सोपें आहे. तिचा खाडा म्हणजे घरचा शिधा बुडणें होतें.

हें जाणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत प्रसूतिभत्त्याच्या बिलाचा पुरस्कार केला. १९२९ सालीं कायदा झाला आणि बाळंतपणाच्या रजेंत मालकानें स्त्रीकामगारास भत्ता द्यावा असें ठरलें. खोली तीच राहिली. आईला मुलापाशीं राहण्यास कांहीं आठवडे मात्र मिळाले.