आपला पुरावा आपणच जपला पाहिजे
(श्रीपूर, जि. सोलापूर येथे केलेले भाषण)

उपासक-उपासिकांनो व तरुण मित्रांनो,

न्यायासनापुढे हक्क सांगावयाचा तर पुरावा लागतो. इतिहासापुढेही तो लागतो. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच साधने जमवून १९५२ साली चरित्राचा पहिला खंड काढला. शासकीय सेवेतील वसंत मून यांच्या संपादनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड १९७९ पासून निघू लागले. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना भेटून आठवणी टिपल्या; ते पुस्तक १९८९ साली आले. त्यांनी हे केले नसते, तर आपली बाजू दुसऱ्यांनी मांडली असती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी वीस वर्षांचे असलेले दीक्षार्थी आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्याबरोबर त्यांची साक्षही जाईल. म्हणून पदवीधरांनो, वकिली व शिक्षकी यांप्रमाणेच पुराभिलेख व संग्रहालय यांची विद्या शिकून तोच आपला व्यवसाय करा. वेतन बेताचे असेल. काम मात्र पिढ्यांना पुरेल.

तोवर एवढे तरी करा : वृद्धांची साक्ष त्यांच्याच शब्दांत, नाव व तारखेसह लिहून घ्या, छायाचित्रामागे नावे लिहा, जुना कागद रद्दीत घालू नका.

जय भीम !