उकळलेलं पाणी



मला 'आयटीतल्या संधी' यावर बोलायला सांगितलं होतं. ते मुलांना मोबाइलवर मिळेल. मी पाण्यावर बोलते.

पावसाळ्यात कडवी गढूळ झाली की विज्ञानाच्या बाई प्रार्थनेनंतर बजावायच्या, "पाणी उकळून, गाळून प्या." मी ते इतकं मनावर घेतलं, की इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरही पाणी उकळायचे. मुली हसायच्या.

पुढे टीममधल्या एका मुलीच्या लग्नाला पश्चिम बंगालमध्ये नदिया जिल्ह्यात गेले. तिच्या मावशीच्या तळहातांवर तांदळाएवढे टणक दाणे होते. मला वाटलं, राबून घट्टे पडलेत. तिनं पाण्याचा पेला पुढं केला आणि मी सवयीनं विचारलं, "उकळलंय ना?" मुलगी हळूच म्हणाली, "ताई, हे दुसऱ्या गावातून आणलंय, प्या. मावशीनं आयुष्यभर जे प्यायलं, ते उकळून काही उपयोग नव्हता. पाणी आटतं, आर्सेनिक तेवढंच राहतं."

ही गोष्ट मला अजून सोडत नाही. तिथले लोक तळ्याचं पाणी पिऊन हगवणीनं, कॉलऱ्यानं मरायचे, म्हणून गावोगाव हातपंप बसवले. हेतू चांगला, पाणी नितळ. पण हिमालयातून वाहून आलेल्या गाळात आर्सेनिक होतं. जमिनीखाली ऑक्सिजन संपला की लोहाला चिकटलेलं ते सुटतं आणि पाण्यात उतरतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रुग्णांच्या कातडीवरून ते ओळखलं. आपल्याकडची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो. डाग पाहून लोक महारोग समजतात आणि मुलींची लग्नं मोडतात. मावशीचं लग्न झालंच नव्हतं.

घाबरू नका, शाहूवाडीत काळा पाषाण आणि जांभा आहे, गंगेचा गाळ नाही. पण यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांत फ्लोराइडनं दात पिवळे पडलेत, हाडं वाकलीत. आणि आपल्याकडे ऊस आहे, युरिया आहे, गोठे आहेत.

आता माझी कबुली. माहेरी आईला नदीवरनं पाणी आणावं लागू नये म्हणून मी बोअर मारून दिला. पूजा केली, नारळ फोडला, पेढे वाटले. पाणी तपासलं नाही. प्रोग्रामची एक ओळ मी तपासल्याशिवाय पुढं पाठवत नाही, आणि इथं चार वर्षं गेली. तपासलं तेव्हा नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर निघालं. वहिनी त्याच पाण्यात तान्ह्या बाळाचं डब्याचं दूध कालवत होती. जास्त नायट्रेटनं तान्ह्या मुलांच्या रक्तात ऑक्सिजन नीट वाहिला जात नाही, अंग निळं पडतं. "उकळूनच देते की हो," असं ती म्हणाली, तेव्हा मला तोंड वर करता येईना. बाळ धडधाकट आहे, पण त्यात माझी काही हुशारी नाही.

बाई, तुमचं चुकलं नव्हतं. जंतूंसाठी आजही उकळायलाच हवं.

मुख्याध्यापकांना विचारून शाळेच्या बोअरचं पाणी मी आज सकाळी बाटलीत भरून घेतलंय. उद्या कोल्हापूरला तपासायला देते. ज्यांच्या घरी बोअर आहे, त्यांनी जेवणानंतर माझ्याकडून बाटल्या घेऊन जा, डिकीत तीस आहेत. अहवाल ग्रुपवर टाकीन, तेवढे दोन दिवस 'शुभ सकाळ'ची फुलं जरा कमी पाठवा, नाहीतर तो खाली जाईल.