पट्टी कोणाच्या मापाची?

स्मृतिभ्रंश ओळखायला आता टॅबलेटवर चाचण्या घेतल्या जातात. त्यांच्याबद्दल आज बोलणार आहे. मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते, डॉक्टर नाही. म्हणून माझा प्रश्न साधा आहे: ही चाचणी नेमकं काय मोजते?

१९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली एमएमएसई ही ३० गुणांची चाचणी जगभर वापरली गेली. तिच्यात १०० मधून सात-सात वजा करायचे, एक वाक्य लिहायचं, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढायचे. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांचे गुण इथे आजार नसतानाही जातात.

हरियाणातल्या बल्लभगढमध्ये ग्रामीण, निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी बसवली गेली. १९९५ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे; वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल एक वाक्य बोलायचं.

टॅबलेटमुळे तोच प्रश्न परत आलाय. बोट किती मिलिसेकंदांत टेकलं, हेही यंत्र मोजू शकतं. पण आयुष्यभर खुरपं धरून राठ झालेलं बोट स्क्रीनवर चटकन लागत नाही. उशीर मेंदूमुळे झाला की बोटामुळे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

म्हणून वैधता तपासावी लागते. तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासलेल्या माणसांना चाचणी द्यायची. किती आजारी ओळखले, किती निरोगी माणसांना उगाच आजारी ठरवलं, हे पाहायचं. पुन्हा घेतल्यावर गुण तेवढेच येतात का, तेही पाहायचं. आणि हे आकडे शिक्षण, भाषा, लिंग, जात यांनुसार वेगळे मांडायचे. शहरी पदवीधरांवर ठरवलेला कट-ऑफ वस्तीतल्या आजीला लावला, तर जातीने नाकारलेली शाळा तिच्या बुद्धीची उणीव म्हणून नोंदली जाते.

मग कमी शिकलेल्यांना गुण वाढवून द्यावेत? २००५ ची मोका चाचणी १२ वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण जास्त देते. बारावी झालेला आणि शाळाच न पाहिलेली, दोघांनाही एकच! आणि गुण नुसतेच वाढवत गेलो तर खरा आजार झाकला जातो. "अडाणी बाई आहे, विसरणारच," असं म्हणून तिला घरी पाठवतात. आपल्याला गुणांची मेहरबानी नको, नीट मोजणारी पट्टी हवी.

तुम्ही घरातले पहिले पदवीधर. आई-वडिलांना दवाखान्यात तुम्हीच नेता. सर्वेक्षणाचा टॅबलेट घेऊन वस्तीत जाणारेही अनेकदा तुम्हीच असता. तेव्हा विचारा: ही चाचणी कोणावर तपासली? त्यांत शाळेत न गेलेले किती होते? आधी स्क्रीनचा सराव देता का? स्वयंपाक, पैशांचा हिशेब, बाजार या कामांत काय बदल झालाय, हे घरच्यांना विचारता का?

समाधानकारक उत्तर नसेल, तर नुसत्या गुणांवर निदान मान्य करू नका. पण विसरणं वाढत असेल तर वय झालं म्हणून सोडूनही देऊ नका. पूर्ण तपासणी मागा. तो आपल्या माणसांचा हक्क आहे.

जय भीम!